मुलाच्या मेंदूत जंताची गाठ निघाली आणि हातात औषधांची लांबलचक चिठ्ठी आहे: कुठलं औषध आधी, कुठलं नंतर, आणि द्यायचं कसं

एमआरआयच्या रिपोर्टवर न्यूरोसिस्टिसरकोसिस असं आलं की घरातल्यांचा पहिला प्रश्न एकच, किडा मारायचं औषध आजच सुरू करायचं ना? साहजिक आहे, पोराच्या डोक्यात किडा आहे म्हटल्यावर कोणाला धीर धरवेल. पण या आजारात किडा मारायचं औषध नंबर तीनवर येतं. आधी फिट थांबवायचं औषध, मग सूज उतरवायचं स्टेरॉइड, मग अल्बेंडाझोल, आणि काही मुलांना तर ते तिसरं लागतच नाही, उलट दिलं तर नुकसान होतं. मी लहान मुलांच्या हॉस्पिटलला लागून असलेल्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे खाली जे आकडे येतील ते तुमच्या हातातल्या चिठ्ठीशी ताडून बघायला आणि डॉक्टरांना नीट प्रश्न विचारायला आहेत, त्यावरून घरच्या घरी डोस ठरवू नका.

आधी थोडक्यात भानगड काय आहे ते. टीनिया सोलियम नावाचा एक चपटा जंत असतो, टेपवर्म, तो मोठा होऊन माणसाच्या आतड्यात राहतो. त्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात आणि ती अंडी न धुतलेल्या हातांतून, कच्च्या भाजीतून, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात गेली की त्यातून निघालेली अळी रक्तातून फिरत मेंदूत जाऊन बसते, तिथे तिची छोटी पिशवी होते. म्हणजे डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लं तर आतड्यात टेपवर्म होतो, मेंदूतली गाठ मात्र अंड्यांमुळे होते, त्यामुळे "आम्ही तर माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही" असं म्हणणाऱ्यांच्या घरातही हा रिपोर्ट येतो आणि त्यात लाजायचं काही नाही. न्यूयॉर्कमध्ये डुकराच्या मांसाला हातही न लावणाऱ्या ऑर्थोडॉक्स ज्यू कुटुंबांतले पेशंट १९९२ साली नोंदवले गेले होते, तेव्हा सासूबाईंनी सुनेला "बाहेर काय खाऊ घातलंस" म्हणून बोलणं आता पुरे.

रिपोर्टमध्ये नेमकं काय बघायचं

गाठ एक आहे का जास्त, आणि ती कुठल्या अवस्थेत आहे, या दोन गोष्टींवर सगळी औषधं ठरतात. रिपोर्टमध्ये चारपैकी एखादा शब्द सापडेल. व्हेसिक्युलर म्हणजे अळी जिवंत आहे, पिशवीत पाणी आहे, कधीकधी आत तिच्या डोक्याचा ठिपका दिसतो त्याला स्कोलेक्स म्हणतात. कोलॉइडल म्हणजे ती मरायला लागलीय आणि शरीराने तिच्याविरुद्ध सूज आणलीय. ग्रॅन्युलर नोड्युलर म्हणजे आक्रसत चाललेली गाठ. कॅल्सिफाइड म्हणजे मेली, तिचा चुन्यासारखा कडक ठिपका उरला. आपल्याकडच्या बहुतेक मुलांमध्ये एकच गाठ असते, छोटी, सूज आलेली, रिपोर्टमध्ये "रिंग एन्हान्सिंग लिजन" असं लिहिलेलं असतं, म्हणजे स्कॅनमध्ये अंगठीसारखी कडा उजळून दिसणारी गाठ. फिट येते ती बहुतेक वेळा या सुजेमुळे, म्हणजे अळी मरत असताना, आणि म्हणूनच कोलॉइडल लिहिलेल्या पोराला सूज उतरवायचं औषध किड्याच्या औषधाइतकंच महत्त्वाचं असतं.

कॅल्सिफाइड एवढंच लिहिलं असेल तर अल्बेंडाझोल द्यायचं नाही. मेलेल्याला परत काय मारणार? तरी "मागच्या वेळी शेजारच्या मुलाला दिलं होतं" म्हणून मागायला येतात लोक. अशा मुलाला फक्त फिटचं औषध लागतं.

दुसरा घोळ टीबीचा. मेंदूतली टीबीची गाठही स्कॅनमध्ये अशीच अंगठीसारखी दिसू शकते. एकेकाळी भारतात अशा छोट्या गाठींना सर्रास टीबी समजून महिनोन्महिने टीबीची औषधं दिली जायची, मग वेल्लोरच्या सीएमसीमधल्या न्यूरोसर्जन मंडळींनी गाठी काढून तपासल्या आणि १९९१ च्या सुमारास दाखवून दिलं की यातल्या बहुतेक जंताच्याच आहेत. त्यांनी घालून दिलेला ठोकताळा अजून चालतो: गाठ २० मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदू एका बाजूला ढकलला गेलेला नाही, डोक्यातलं प्रेशर वाढलेलं नाही, हातापायाचा अशक्तपणा वाढत चाललेला नाही, तर जंताची शक्यता जास्त. याच्या उलट असेल, किंवा घरात कोणाला टीबी झालेला असेल, तर डॉक्टर विचारतील याची वाट न बघता ते त्यांना स्वतःहून सांगा. मांटू टेस्ट (टीबीसाठी हातावर सुई देऊन करतात ती) आणि छातीचा एक्स-रे लिहून दिला तर "फिट डोक्यातून येते, छातीचा फोटो कशाला" असं म्हणून टाळू नका. स्टेरॉइड सुरू करायचंय म्हणून तर तो आणखी गरजेचा, कारण लपलेला टीबी स्टेरॉइडने उसळू शकतो.

अल्बेंडाझोल सुरू करायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडून पडदा तपासून घेणं, हे सगळ्यात जास्त राहून जाणारं काम. पोराला दिसतंय नीट, मग कशाला, असं वाटतं. पण अळी डोळ्यातही बसू शकते, आणि औषधाने ती तिथे मेली तर त्या सुजेने नजर जाऊ शकते. थेंब टाकून बाहुली मोठी करून बघतात, अर्ध्या दिवसाचं काम आहे, ते झालं का एवढं विचारा.

आणखी एक, मेंदूत खूप गाठी असतील आणि सगळा मेंदूच सुजलेला असेल, किंवा डोक्यात पाणी साठलं असेल, तर किड्याचं औषध तेव्हा देत नाहीत. आधी प्रेशर कमी करतात, स्टेरॉइड देतात, काही वेळा ऑपरेशन. एकदम शेकडो अळ्या मारल्या तर सुजेने जीव जाऊ शकतो. त्यामुळे डॉक्टर "थांबू या" म्हणाले की ते वेळ काढताहेत असं समजून दुसरीकडून अल्बेंडाझोल आणू नका, ते कुठेही सहज मिळतं हीच खरी अडचण आहे.

पहिलं औषध: फिटचं

हल्ली मुलांना बहुतेक वेळा लेव्हेटिरासिटाम देतात, काहींना ऑक्सकार्बाझेपिन, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट. हे रोज, ठरलेल्या वेळी, सकाळ-संध्याकाळ, आणि फिट आली नाही म्हणून एकही डोस गाळायचा नाही. फिट येत नाही ती औषधामुळेच येत नाही. गावाला लग्नाला गेलात आणि बाटली घरी राहिली, हे कारण मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी एक बाटली जास्तीची घ्यायला लावतो.

पातळ औषध असेल तर बाटली नीट हलवा आणि सिरिंजने मोजा. चहाचा चमचा नको, प्रत्येक घरातला चमचा वेगळा. लेव्हेटिरासिटामने काही मुलं चिडचिडी होतात, रडतात, मारतात, ते डॉक्टरांना सांगा पण आपल्या मनाने बंद करू नका. अंगावर पुरळ आलं, त्याबरोबर ताप किंवा तोंडात फोड आले, विशेषतः कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असताना, तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं. फेनिटॉइन लांबलं तर हिरड्या सुजतात, दात नीट घासायला लावा.

दुसरं: स्टेरॉइड

स्टेरॉइड म्हटलं की लोकांचे चेहरेच बदलतात. इथे ते थोड्या दिवसांसाठी आहे आणि त्याशिवाय अल्बेंडाझोल देणं धोक्याचं. बहुधा प्रेडनिसोलोन, दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते २ एमजीच्या आसपास, अल्बेंडाझोलच्या दोन-तीन दिवस आधी सुरू होतं आणि त्याच्यासोबत चालतं, मग डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं हळूहळू उतरवायचं. भरल्या पोटी, सकाळी.

बाटली घेताना लेबल वाचा. प्रेडनिसोलोनचं सिरप ५ एमएलमध्ये ५ एमजी असं येतं आणि ५ एमएलमध्ये १५ एमजी असंही येतं. बाटल्या दिसायला सारख्या. चिठ्ठीवर फक्त "५ एमएल" लिहिलेलं असेल आणि दुसऱ्या दुकानातून दुसरी बाटली आणली तर डोस एकदम तिप्पट, नाहीतर तिसरा हिस्सा. म्हणून डोस एमएलमध्ये लक्षात ठेवू नका, एमजीमध्ये ठेवा, आणि प्रत्येक नव्या बाटलीला परत हिशोब करून घ्या.

त्या दिवसांत पोराला भूक खूप लागेल, झोप उडेल, थोडं हट्टी होईल, औषध लांबलं तर गाल फुगतील. चालेल. चालणार नाही ते असं: काळी शी, पोटात जोराचं दुखणं, ताप. शाळेत किंवा घरात कोणाला कांजिण्या आल्या तर लगेच कळवा. आणि कुठलीही लस घ्यायची असेल तर स्टेरॉइड चालू आहे हे आधी सांगा.

तिसरं: अल्बेंडाझोल, आणि तो नऊ बाटल्यांचा हिशोब

शाळेत जंतनाशक दिनाला ४०० एमजीची गोळी देतात, तेच हे औषध. पण ती एक गोळी आतड्यातल्या जंतांसाठी. मेंदूतल्या गाठीसाठी किलोमागे दिवसाला १५ एमजी, दोन भागांत, जेवणानंतर, असं बरेच दिवस चालतं. मोठ्या मुलांत दिवसाची वरची मर्यादा एका सुजलेल्या गाठीला ८०० एमजी, जिवंत गाठींना १२०० एमजी धरतात.

समजा पोर १६ किलोचं आहे. १५ गुणिले १६ म्हणजे दिवसाला २४० एमजी, एका वेळी १२०. अल्बेंडाझोलचं पातळ औषध ५ एमएलमध्ये २०० एमजी असतं, म्हणजे एका एमएलमध्ये ४०. तर एका वेळी ३ एमएल, दिवसाला ६ एमएल. आता गंमत बघा, बाटली असते १० एमएलची, कारण कंपन्यांनी ती एकदाच पिऊन टाकायच्या हिशोबाने बनवलीय. तुम्हाला १४ दिवस द्यायचंय म्हणजे ८४ एमएल, म्हणजे नऊ बाटल्या. काउंटरवर नऊ बाटल्या ठेवल्या की लोक म्हणतात, अहो एकच द्या, जंताचं औषध एकदाच देतात. आणि ज्यांनी एकच नेली त्यातले काही घरी जाऊन आख्खी बाटली एका दमात पाजतात, कारण आजीने आयुष्यभर तसंच पाजलंय. म्हणून सगळ्या बाटल्या एकदम घ्या, प्रत्येकीवर पेनने उघडल्याची तारीख घाला, सिरिंजवर ३ च्या खुणेला मार्करने रेघ ओढा. मोठ्या मुलाला गोळी असेल तर चावून खाल्ली तरी चालते, अर्धी-पाऊण कशी करायची ते आमच्यासारख्यांना विचारून घ्या.

उपाशीपोटी हे औषध फारसं अंगात शिरतच नाही. तेला-तुपाच्या जेवणाबरोबर ते कितीतरी पट जास्त रक्तात जातं. म्हणून वरण-भातावर चांगलं चमचाभर तूप, सायीसकट दूध, शेंगदाण्याची चटणी तेल घालून, अंडं खात असाल तर अंडं. एरवी मी कोणाला तूप वाढा सांगत नाही, या दोन आठवड्यांत मात्र कंजूषपणा नको.

किती दिवस, यावर डॉक्टरा-डॉक्टरांत फरक दिसेल. पूर्वी २८ दिवस सर्रास द्यायचे. चंदीगडच्या पीजीआयमध्ये मुलांवर एक आठवडा विरुद्ध चार आठवडे अशी तुलना झाली, ती २००३ साली छापून आली, त्यात फारसा फरक निघाला नाही. आता एका गाठीला ७ ते १४ दिवस, जास्त जिवंत गाठींना १० ते १४ दिवस असं साधारण चालतं. शेजारच्या मुलाला २८ दिवस दिलं आणि आपल्याला दहाच, म्हणून वाईट वाटून घेऊ नका. चौदा दिवसांच्या पुढे गेलं तर लिव्हरची आणि रक्तपेशींची तपासणी लागते, ती चुकवू नका.

फिटच्या औषधांपैकी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही अल्बेंडाझोलचा जोर कमी करतात. मूल यातलं काही घेत असेल तर डॉक्टरांना एकदा आठवण करा, बस्स, स्वतः बदलू नका, कारण फिटचं औषध अचानक तोडणं हे त्यापेक्षा वाईट.

दोनपेक्षा जास्त जिवंत गाठी असतील तर अल्बेंडाझोलच्या जोडीला प्राझिक्वांटेल देतात, किलोमागे दिवसाला ५० एमजी. पेरूमध्ये झालेल्या अभ्यासात तीन किंवा जास्त गाठींना ही जोडी जास्त लागू पडली. एका गाठीला त्याची गरज नाही. हे औषध सगळीकडे मिळत नाही, म्हणून चिठ्ठी मिळाल्याच दिवशी शोधायला लागा.

औषध सुरू झाल्यावरचे पहिले दिवस

दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास डोकं दुखणं, उलटी, कधी परत फिट, असं होऊ शकतं. अळ्या मरायला लागल्या की सूज वाढते, त्याचा हा परिणाम. इथेच बरेच आईबाप घाबरून सगळंच बंद करतात, स्टेरॉइडसकट, आणि मग खरंच बिघडतं. डॉक्टरांना फोन करा, ते बहुतेक वेळा स्टेरॉइड वाढवतात. पण डोकेदुखी वाढतच चाललीय, उलट्या थांबत नाहीत, पोर सुस्त पडलंय, हाक मारली तर ओ देत नाही, एक हात किंवा पाय लुळा पडला, डोळे तिरळे झाले, यातलं काहीही असेल तर फोन नाही, सरळ हॉस्पिटल. काही डॉक्टर पहिले दोन-चार दिवस ॲडमिट करूनच सुरू करतात. घर गावात असेल, रात्री गाडी मिळत नसेल, तर ॲडमिट होणंच बरं.

औषध घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पूर्ण उलटून पडलं तर परत द्यायचं का, हे तिन्ही औषधांसाठी आधीच विचारून चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या, रात्री अकराला विचारायला कोणी सापडत नाही.

घरी फिट आली तर

कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूचं सामान बाजूला, मोबाईलवर वेळ बघा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, कांदा नाही, चप्पल हुंगवणं तर नाहीच. हातपाय दाबून धरू नका. बाजूला दुसरं कोणी असेल तर त्याला व्हिडिओ काढायला सांगा, फिट कुठल्या हातापासून सुरू झाली हे डॉक्टरांना त्यातून कळतं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा थांबून शुद्धीवर न येता परत सुरू झाली, तर १०८.

फिट थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलॅम स्प्रे डॉक्टरांकडून लिहून घ्या. तो वजनावर असतो आणि एका फवाऱ्यात किती औषध हे कंपनीप्रमाणे बदलतं, म्हणून प्रत्येक नाकपुडीत किती फवारे ते आकड्यात बाटलीवरच चिकटवून ठेवा. नवी बाटली असेल तर आधी हवेत मारून फवारा नीट येतो का बघायचं, ते ऐन वेळी कोणाला सुचत नाही. एक स्प्रे घरी, एक शाळेत बाईंकडे.

कोर्स संपला, पुढे काय

अल्बेंडाझोल संपलं म्हणजे ट्रीटमेंट संपली नाही. साधारण सहा महिन्यांनी परत स्कॅन होतो, काही डॉक्टर तीन महिन्यांनीच करतात. गाठ गेली असेल आणि सहा महिने फिट नसेल तर फिटचं औषध हळूहळू कमी करून बंद करण्याचा विचार होतो. मागे कडक ठिपका उरला, किंवा औषध चालू असतानाही फिट आली होती, तर दोन वर्षांपर्यंत चालवतात. गाठ तशीच जिवंत दिसली तर दुसरा कोर्स देतात, त्यात कोणाची चूक नसते, होतं असं. जुन्या स्कॅनची सीडी जपून ठेवा, नुसता कागद नको, चार वर्षांनी परत फिट आली तर ठिपका जुनाच आहे का नवी गाठ आलीय हे त्या सीडीवरूनच कळतं.

एक काम मात्र पोराचं नाही, घरातल्या मोठ्यांचं. मुलाच्या पोटात अंडी गेली म्हणजे आसपास कोणाच्या तरी आतड्यात टेपवर्म असू शकतो, आणि त्या माणसाला बहुधा काहीच त्रास नसतो. घरातल्या सगळ्यांची आणि जो कोणी रोज स्वयंपाक करतो त्याचीही शौचाची तपासणी करून घ्या, शौचात पांढरे चपटे तुकडे कोणी पाहिलेत का विचारा, आणि हे विचारताना स्वयंपाकाच्या मावशींवर आळ घेतल्यासारखं करू नका, जंत तुमच्याही पोटात असू शकतो. सापडला तर डॉक्टर एका डोसचं औषध देतात, बहुधा प्राझिक्वांटेलच. पण त्यांच्यापैकी कोणाला कधी फिट आलेली असेल किंवा जुनी डोकेदुखी असेल तर तो डोस घ्यायच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं, कारण प्राझिक्वांटेल मेंदूपर्यंतही पोचतं आणि तिथे न कळत बसलेली गाठ असेल तर तिच्या सुजेने त्यांनाच फिट येऊ शकते, अशा वेळी डॉक्टर आतड्यातच राहणारं निक्लोसामाइड निवडतात.